वायरवाला इअरफोन पारखताना: आधी बसतो कसा, मग वाजतो कसा

डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत मी आदल्या दिवशीच्या तबल्याच्या शिकवणीचं रेकॉर्डिंग ऐकते. तीन वर्षांपूर्वी त्यासाठी एक नवा वायरवाला इअरफोन घेतला, आणि पहिले चार दिवस बाया, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा डग्गाच, ऐकू येईना. त्यावरचा 'घे' हा बोल वाजतोय हे माझ्या हाताला आठवत होतं, कानात मात्र नुसतं कोरडं 'टक' पडत होतं. परत करायच्या बेतात होते. शिकवणीतल्या मैत्रिणीने इअरफोनच्या डब्यातला, कानात जाणाऱ्या टोकावर बसवायचा मोठा रबर काढून डाव्या बाजूला चढवला आणि म्हणाली, "आता घालून बघ." बाया उमटला, घुमाऱ्यासकट. इअरफोन तोच, रेकॉर्डिंग तेच, फरक एका रबराचा.

त्या दिवसापासून मी आवाज आणि आराम या दोन गोष्टी वेगळ्या तपासत नाही. कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनमध्ये तुमचा कान हा त्या यंत्राचाच एक भाग असतो. रबर, कानाची नळी आणि पडदा यांच्यात कोंडलेली हवा म्हणजे त्याची खोली. खोलीला फट राहिली तर खालचे सूर त्या फटीतून निघून जातात, आणि आपण दोष मात्र कंपनीला देतो. खाली सांगितलेला क्रम म्हणूनच पाळावा. उलट क्रमाने गेलात तर निम्म्या वेळा निकाल चुकेल.

पायरी १: बसण्याआधीची तयारी

शांत खोली, पंखा बंद, एक वही. वही खरंच लागते, कारण आवाजाची आठवण काही सेकंदांत विरते आणि 'मघाचा जास्त चांगला होता' या वाक्याला आधार उरत नाही.

तुम्ही रोज ज्यावर ऐकता त्याच फोनवर किंवा लॅपटॉपवर पारखा. फोनला गोल ३.५ मिलिमीटरचं भोक असेल तर प्रश्न नाही. नसेल आणि टाइप-सीचं जोडकेबल वापरत असाल, तर ते आधी तपासा. या जोडकेबलांचे दोन प्रकार असतात. एकात आवाजाचं रूपांतर करणारी छोटी चिप असते. दुसऱ्यात नुसत्या तारा असतात आणि रूपांतर फोनने करायचं असतं. दुसऱ्या प्रकारचं जोडकेबल पुष्कळ फोनवर चालतच नाही, आणि लोक इअरफोन बिघडला म्हणून परत पाठवतात. चिपवालं साधं जोडकेबल घ्या, पुढची बरीच डोकेदुखी टळते.

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद करा: इक्वलायझर, सराउंड, बेस वाढवणारं बटण, गाण्यांची पातळी आपोआप सारखी करणारी सोय. लॅपटॉपवर ऐकत असाल तर चार्जर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे ऐका. चार्जर लावताच मागे घुंई असा आवाज सुरू झाला तर तो विजेच्या जोडणीचा दोष आहे, इअरफोनचा नव्हे.

ऐकायला काय लागेल तेही आधी गोळा करा: एकसारखा सूर काढणारं एखादं टोन जनरेटर अ‍ॅप, तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग, एकट्या तबल्याचं रेकॉर्डिंग, आणि टाळ, पखवाज, संवादिनी, कोरस असं सगळं एकाच वेळी चालू असलेलं एखादं भजन. शेवटची वस्तू घरातच मिळते. आई, आजोबा, मुलगा, ज्या कुणाचा आवाज तुम्ही रोज ऐकता त्यांना फोनच्या रेकॉर्डरवर, हातभर अंतरावरून, दोन मिनिटं वर्तमानपत्र वाचायला सांगा. हे रेकॉर्डिंग स्टुडिओतल्यासारखं नसेल, पण त्याची अस्सल प्रत तुमच्यासमोर बसलेली असते. गायकाचा आवाज प्रत्यक्षात कसा होता हे आपल्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असतं. आईचा आवाज सगळ्यांना ठाऊक असतो.

पायरी २: कानात बसवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कानाची नळी सरळ नसते, ती वळण घेऊन आत जाते. इअरफोन नुसता ढकलला तर तो वळणावर अडतो. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग हलकेच वर आणि मागे ओढा. नळी थोडी सरळ होते. मग उजव्या हाताने इअरफोन किंचित फिरवत आत न्या आणि कान सोडा. कान स्वतःहून रबरावर बसतो. डाव्या बाजूलाही हेच.

आत नेताना पडद्याजवळ कागद चुरगाळल्यासारखी बारीक करकर ऐकू आली तर घाबरू नका. हवेच्या दाबाने इअरफोनच्या आतला, आवाज काढणारा पातळ पडदा वाकतो, त्याचा तो आवाज. हळू घातलं की कमी होतो. दर वेळी मोठ्याने होत असेल आणि आवाज क्षणभर गायब होत असेल तर मात्र मी तो इअरफोन ठेवणार नाही.

आता रबर. डब्यात साधारण तीन मापं येतात आणि मधलं माप आधीच चढवलेलं असतं. त्यामुळे बहुतेक जण वर्षभर मधलंच वापरतात. तिन्ही मापं प्रत्येक कानाला वेगवेगळी लावून पाहा. दोन्ही कान सारखे असतात असा आपला समज असतो, पण माझ्या डाव्या कानाला मोठं आणि उजव्याला मधलं लागतं. त्यात वावगं काही नाही. बेमापी जोडी लावायला संकोच करू नका.

मापाखेरीज रबराचं तोंड किती रुंद आहे तेही पाहा. तोंड रुंद असलं की वरचे सूर मोकळे येतात, अरुंद असलं की ते थोडे दबतात आणि खालचा भाग जास्त जाणवतो. फोमचे बोळे चिमटीत दाबून घालायचे असतात. आत ते फुगतात, बाहेरचा आवाज चांगला अडवतात आणि टोचणारी धार थोडी बोथट करतात. पण पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, ते घाम आणि ओल धरून ठेवतात. कानात बुरशीचा त्रास झालेल्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. सिलिकॉनचा रबर धुता येतो, हा त्याचा मोठा गुण.

फार खोल जाणारी, तीन चकत्यांच्या रबराची एक वेगळी जात आहे. अमेरिकेतल्या एटिमॉटिक कंपनीने १९९१ साली ईआर-४ नावाचा इअरफोन काढला, तेव्हापासून ती प्रसिद्ध आहे. बाहेरचा गोंगाट ती जबरदस्त अडवते, पण पहिल्यांदा घालणाऱ्याला आपण कानात काहीतरी खुपसतोय असंच वाटतं. काही जणांना कानाच्या नळीला स्पर्श झाला की खोकला येतो. ज्या चेतातंतूची शाखा घशाकडे जाते, त्याचीच एक शाखा कानातही असते, म्हणून हे होतं. तुम्हाला होत असेल तर आखूड नळीचाच इअरफोन शोधा. ही सवयीने जाणारी गोष्ट नाही.

पायरी ३: फट राहिली का, हे पाहणं

टोन जनरेटरवर ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांचा, खूप खालचा सूर लावा, आवाज बेताचा ठेवा. दोन्ही इअरफोन बोटाने अगदी हलके आत दाबा. दाबल्यावर सूर एकदम भरदार झाला आणि बोट काढताच ओसरला, तर फट आहे. रबर बदला, कोन बदला, पुन्हा बघा. दाबून फारसा फरक पडेनासा झाला की बसलं.

मग मूठभर शेंगदाणे घ्या. सूर चालूच ठेवा आणि चावा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. प्रत्येक चाव्याला सूर तुटत असेल तर फोनवर बोलताना, जांभई देताना, अगदी हसतानाही तुमचा इअरफोन सुटणार. चावण्याचा आवाज डोक्यात धडधड वाजेल, तो वाजणारच. कान बंद झाल्यावर हाडांमधून येणारे खालचे आवाज आतच कोंडतात. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येणं, पावलांचे ठोके ऐकू येणं, कानाला दडे बसल्यासारखं वाटणं हे सगळं त्यातलंच. काही इअरफोनच्या अंगावर हवा सोडणारी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात, त्यांत हा दडा कमी जाणवतो. ज्यांना कान बंद झाले की गुदमरल्यासारखं होतं, त्यांनी ते छिद्र भिंगाने का होईना, शोधून मगच खरेदी करावी.

पायरी ४: डावं-उजवं

घरच्या माणसाचं रेकॉर्डिंग लावा. एका माइकवर झालेला आवाज बरोबर डोक्याच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला सरकत असेल तर इअरफोन उलटे घाला, डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात. आवाजही बाजू बदलून गेला तर दोष इअरफोनचा. आवाज पहिल्याच कानाकडे राहिला तर दोष कानाचा किंवा रबराचा: मळ असेल, सर्दी असेल, फट असेल. माझ्या ओळखीतल्या दोघांना या चाचणीतून कान साफ करून घ्यायची गरज कळली आणि इअरफोनचे पैसे वाचले. नवा इअरफोन एका बाजूला झुकत असेल तर त्याची सवय होईल अशी वाट पाहू नका, बदलून घ्या.

पायरी ५: दोन इअरफोन एकाच पातळीवर आणणं

एका इअरफोनची दुसऱ्याशी तुलना करायची असेल तर ही पायरी टाळू नका. दोघांतला जो किंचित मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो, स्पष्ट वाटतो, बेस भरलेला वाटतो. यात कानाचा स्वभावच आड येतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिलं, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते पुढे येतात. म्हणजे नुसती पातळी बदलली तरी आवाजाचा रंग बदलतो. दुकानात दोन इअरफोन एकाच पातळीच्या खुणेवर लावून ऐकवतात, तिथे निम्मा निकाल आधीच लागलेला असतो, कारण एकाच खुणेवर सगळे इअरफोन सारखे वाजत नाहीत.

घरी उपकरण नसेल तर बोलण्याचा आवाज घ्या. पहिल्या इअरफोनवर ते रेकॉर्डिंग, माणूस समोर बसून बोलतो तेवढ्या पातळीवर आणा आणि फोनवर किती खुणा आहेत ते लिहा. दुसरा घाला, तेवढ्याच जोराने येईपर्यंत खुणा हलवा, लिहा. पुढचं सगळं ऐकणं त्या त्या खुणेवरच. कानाने जुळवलेलं असल्याने थोडा फरक राहतो, तरी दुकानातल्यापेक्षा हे कितीतरी बरं.

डब्यावरच्या आकड्यांवरून कोण मोठ्याने वाजेल हे ठरवताना एक घोळ होतो. एक कंपनी संवेदनशीलता (ठरावीक विजेवर इअरफोन किती मोठ्याने वाजतो) दर मिलिवॉटला डेसिबलमध्ये सांगते, दुसरी दर व्होल्टला. १६ ओहम रोधाच्या इअरफोनसाठी या दोन आकड्यांत सुमारे १८ डेसिबलचा फरक असतो, ३२ ओहमसाठी सुमारे १५. म्हणजे मिलिवॉटवाला १०५ आणि व्होल्टवाला १२० यांत प्रत्यक्षात जवळपास फरक नसू शकतो. एकक वाचल्याशिवाय आकडा वाचू नका.

पायरी ६: आता ऐका

पहिल्यांदा बोलणं. घरच्या माणसाचं रेकॉर्डिंग लावा आणि त्यांना समोर बसवून तेच वाचायला सांगा. एकदा कानातून, एकदा समोरून. आवाज डब्यातून आल्यासारखा कोंदट वाटतो का? मग साधारण २०० ते ४०० हर्ट्झच्या भागात भर जास्त आहे. नाकातून आल्यासारखा वाटतो का? मग तो भाग त्याच्या वर, हजार हर्ट्झच्या आसपास उचललेला आहे. ओरडून बोलल्यासारखा, अंगावर येणारा वाटतो का? तर ३००० हर्ट्झचा परिसर जास्त आहे.

या ३००० हर्ट्झचं थोडं सांगायला हवं, कारण कोणता सूर किती जोराने वाजतो हे दाखवणारा आलेख बघून खरेदी करणारे इथेच फसतात. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आहे. एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद अशी ही नळी बासरीसारखी स्वतःच घुमते, आणि त्या घुमण्याचा सूर ३००० हर्ट्झच्या थोडा वर येतो. उघड्या कानाने ऐकताना ही वाढ आपल्याला फुकटात मिळते. इअरफोनने नळीचं तोंड बंद केलं की ती नैसर्गिक वाढ जाते, म्हणून इअरफोन बनवणाऱ्याला ती मुद्दाम घालावी लागते. ज्या आलेखात ३००० जवळ टेकडी नाही तो इअरफोन 'सपाट' असून दबका, लांबून आल्यासारखा वाजतो. टेकडी फार उंच झाली तर गायिकेचा तारसप्तक किंचाळतो. ध्वनी-उपकरणं बनवणाऱ्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना बसवून, ऐकवून, कोणता आकार बहुतेकांना आवडतो हे शोधलं. हार्मन टार्गेट म्हणतात ते तेच. मी त्याला उत्तर मानत नाही, चालायला सुरुवात करायची जागा मानते.

बोलण्याच्याच रेकॉर्डिंगमध्ये मराठीने आपल्याला एक सुंदर चाचणी दिली आहे. आपल्या भाषेत 'च' आणि 'झ' दोन-दोन प्रकारचे आहेत. 'चव' मधला च दातांजवळचा, 'चहा' मधला टाळूजवळचा. 'माझा' आणि 'माझी' या एकाच शब्दाच्या दोन रूपांत 'झ' जागा बदलतो. वाचणाऱ्याला एक वाक्य जास्तीचं वाचायला द्या: 'चवीचा चहा चुलीवर, माझा तुझा नि माझी तुझी'. चांगल्या इअरफोनवर दोन्ही 'च' आणि दोन्ही 'झ' सहज वेगळे येतात. वरचे सूर दबलेले असतील तर त्यांतला फरक पुसट होतो. दातांजवळचा 'च' आणि 'स' कानात सुई टोचल्यासारखे आले, तर ५००० ते ८००० हर्ट्झमध्ये कुठेतरी टोक आहे.

ते टोक शोधायचं असेल तर आवाज अगदी लहान करा आणि टोन जनरेटरवर ४००० पासून १०००० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा. एका ठिकाणी सूर अचानक टोचेल. आकडा लिहा. आता इअरफोन दोनेक मिलिमीटर जास्त आत घाला, किंवा वेगळ्या उंचीचा रबर लावा, आणि पुन्हा वर जा. टोक सरकलेलं असेल. रबर आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या हवेची लांबी कमी झाली की ते वरच्या सुराकडे जातं. 'हा इअरफोन टोचतो' अशी ज्यांची तक्रार असते त्यांतल्या कित्येकांचं काम एवढ्यानेच होतं. आलेखात ८००० जवळ दिसणारी टोकंही सरसकट खरी मानू नयेत. मोजणाऱ्या कृत्रिम कानातही इअरफोन किती खोल गेला यावर त्यांची जागा ठरते.

नंतर तानपुरा. पुरुषी गळ्यासाठी काळी एकमध्ये (संवादिनीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) मिळवलेला तानपुरा घेतला तर जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर. खर्ज छेडल्यावर त्याचं वजन छातीत उतरल्यासारखं वाटायला हवं. स्वर तर फोनच्या छोट्या स्पीकरवरही कळतो, कारण मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या बारीक सुरांवरून, म्हणजे स्वरांशांवरून, मेंदू खालचा सूर भरून काढतो. म्हणून 'ऐकू येतो का' असं विचारू नका, 'अंग आहे का' असं विचारा. आणि मग जवारी. घोडीच्या त्या रुंद बैठकीवर तारेखालचा दोरा सरकवून जी आस जागी करतात, तिच्यात अनेक स्वरांश एकामागून एक उमलतात आणि मिटतात. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्याचा आवाज जवळून ऐकलेल्याला वेगळं सांगायला नको. इअरफोन नेटका असेल तर ती उमलण-मिटण्याची हालचाल दिसते, जणू चकाकी तारेवरून सरकतेय. नसेल तर तिथे एकसुरी भुणभुण येते. वरचे सूर अती असतील तर तार पत्र्याची वाटते.

तबल्याला मी सगळ्यात जास्त वेळ देते, आणि ते मी तबला शिकते म्हणून नव्हे. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवलं, की इतर बहुतेक चर्मवाद्यांपेक्षा आपल्या मृदंग-तबल्याचं वेगळेपण शाईत, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या गोल लेपात, आहे. शाईच्या भारामुळे या वाद्याचे वरचे स्वरांश तारेच्या वाद्यासारखे पटीत येतात, म्हणून तबला सुरात लागतो. म्हणजे एकाच वाद्यात आघात आहे, सूर आहे आणि बायाचा खोल घुमारा आहे. क्रमाने ऐका. 'ना' किनारेवरचा, म्हणजे कातड्याच्या कडेवरचा: टणत्कार स्वच्छ हवा आणि त्यामागे सुराची शेपटी हवी. नुसता काचेसारखा 'टिंग' आला तर वरचा भाग जास्त आहे. 'तीं' मैदानावरचा, म्हणजे कड आणि शाई यांच्या मधल्या भागावरचा: गोल, मऊ. 'ना' आणि 'तीं' एकसारखे वाजले तर तो इअरफोन मध्यभागी मुका आहे. बायावरची घसीट: मनगट दाबत नेल्यावर सूर खालून वर चढतो, तो चढ सलग हवा. मध्येच एका जागी फुगला आणि पुढे बसला तर बेसमध्ये कुबड आहे. शेवटी द्रुत लयीतला रेला, म्हणजे बोलांची सलग, वेगवान रांग. प्रत्येक बोल सुटा ऐकू येतो की खालचा घुमारा पुढच्या बोलावर सांडतो? पुष्कळ स्वस्त इअरफोन बेससाठी नावाजलेले असतात आणि नेमके इथे पसरतात. विलंबितात कुणालाही चांगलं दिसता येतं.

हे झाल्यावर भजन. टाळ, पखवाज, संवादिनी आणि वीस गळे एकत्र. एक मिनिट फक्त संवादिनीच्या मागे जायचं ठरवा, पुढचं मिनिट फक्त टाळाच्या. मनात आणताच हवं ते हाती लागलं तर वाद्यं सुटी येतायत. टाळाचा आघात 'छन्न' होऊन विरायला हवा, 'छ्श्श' असा फवारा होऊ नये. डोळे मिटून कोण कुठे बसलंय हे हाताने दाखवता येतं का तेही पाहा, पण इअरफोनमध्ये सगळं डोक्याच्या आतच भासतं, सभागृह मागू नका.

ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर, एक की पाच, आणि तो डायनॅमिक प्रकारचा की बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचा, यावर मी वेळ घालवत नाही. एका डायनॅमिक ड्रायव्हरचे उत्तम इअरफोन ऐकलेत आणि अनेक ड्रायव्हरचे विस्कळीतही. एवढंच लक्षात ठेवा, की अनेक ड्रायव्हरचे काही इअरफोन वेगवेगळ्या यंत्रांवर वेगळे वाजतात, म्हणून तुमच्याच फोनवर ऐका.

पायरी ७: वेळ जाऊ द्या

पहिल्या पाच मिनिटांत आराम कळत नाही. निदान दीड-दोन तास सलग घाला आणि कुठे ठणकतं ते नेमकं लिहा. नळीच्या तोंडाशी गोल दुखत असेल तर रबर मोठा आहे. कानाच्या वाटीत एका कडेला टोचत असेल तर अंगाचा आकार तुमच्या कानाचा नाही, आणि तो कुठल्याही रबराने सुधारत नाही. खोल आत, खाज सुटल्यासारखं वाटत असेल तर रबराचा पदार्थ किंवा ओल. घसरून बाहेर येत असेल तर आधी मोठा रबर, मग वायर कानामागून घ्यायची पद्धत.

कानामागून वायर घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. चष्मा असेल तर आधी वायर, मग चष्म्याची दांडी. उलट केलं की दोन्ही एकाच जागी दाबतात आणि तासाभरात कानामागे वळ उठतो. बुगडी घालणाऱ्या बायकांनी ती घालूनच पारख करावी, कारण वायरीचा कडक बाक नेमका तिथेच घासतो. सरळ खाली सुटणारी वायर अशांना बरी.

वायर तपासायला एक मिनिट पुरे. गाणं बंद, इअरफोन कानात, खोलीत चाला. वायर सदऱ्यावर घासल्याची खरखर डोक्यात वाजत असेल तर ती कानामागून घ्या किंवा हनुवटीखालची सरकती कडी वर ओढा. तरी वाजली तर रोजच्या चालण्यात ती तुम्हाला छळणार. वायर सुटी होणारी असेल तर फार चांगलं, वायर तुटली की इअरफोन फेकावा लागत नाही. जोड ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांचा की गोल फिरणाऱ्या एमएमसीएक्सचा, हे मात्र लिहून ठेवा, पुढची वायर घेताना लागेल.

मग बाहेर. घरी शांत खोलीत किती खुणांवर ऐकता आणि गाडीत किती खुणांवर, तो फरक मोजा. दोन-तीन खुणा वाढवाव्या लागल्या तर ठीक. दुप्पट कराव्या लागत असतील तर हा इअरफोन बाहेरचा आवाज अडवत नाही, आणि त्याची किंमत तुमचे कान देणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलवर आठवड्याला साधारण चारच तास. रोज दोन तास प्रवास करणाऱ्याचे ते दोन दिवसांत संपतात. ऐकणं थांबवल्यावर कानात शीळ वाजली तर ती जास्त झाल्याची खूण आहे. आणि रस्ता किंवा रूळ ओलांडताना एक तरी कान मोकळा ठेवा.

सात दिवस असं वापरा. इअरफोन 'वाजवून वाजवून मोकळा होतो' असं बरेच जण सांगतात. माझ्या अनुभवात बदलतो तो जास्त करून आपला कान आणि रबराची बैठक. म्हणून आठव्या दिवशी जुना इअरफोन पुन्हा घाला, पातळी जुळवा आणि दहा मिनिटं ऐका. आठवडाभरात सवयीने दिसेनासे झालेले दोष आणि गुण तिथे एकदम उघडे पडतात. या आठवड्यात तुम्ही नकळत कितीदा आवाज कमी केलात, कितीदा इअरफोन काढून कान चोळलात, ते वहीत असेल तर निर्णय अवघड जात नाही.

परतीच्या अटी मात्र पहिल्याच दिवशी वाचून ठेवा. कानात घालायची वस्तू उघडल्यावर परत न घेणारी दुकानं बरीच आहेत. दुकानात ऐकायला मिळत असेल तर स्वतःचे रबर आणि स्पिरिटचा बोळा घेऊन जा, दुसऱ्याच्या कानातलं आपल्या कानात नको.

घेतल्यावर दर रविवारी रबर काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, आणि नळीच्या तोंडावरची जाळी तोंड खाली धरून मऊ, कोरड्या ब्रशने झटका. वर धरून झटकलं तर मळ आत जातो. सहा महिन्यांनी एक बाजू हळू वाजायला लागली, की चौथी पायरी पुन्हा करा. बहुतेक वेळा ती जाळीच बुजलेली असते.